सोलापुरात माग पाहायला जाताना

सोलापूरच्या सात रस्त्यावर उभे राहिले की नव्या माणसाची पंचाईत होते ती त्या नावातच आहे. रस्ते सात, आणि आपल्याला जायचे एकाच ठिकाणी. रिक्षावाला विचारतो, "कुठं सोडू?" आपण म्हणतो, "चादरी घ्यायच्यात." तो आपल्याला एखाद्या दुकानाच्या दारात नेऊन सोडतो. दुकानदार गादीवर बसवतो, पाणी विचारतो, दहा चादरी उलगडून दाखवतो. आपण त्यातली एक उचलतो, पैसे मोजतो आणि गाडीला लागतो. चादर सोलापुरात घेतली खरी. पण ती कुठे विणली, कशी विणली, विणणाऱ्याच्या हाती काय पडले, यातले काहीच आपल्याला कळलेले नसते.

पुढच्या खेपेला रिक्षावाल्याला निराळे उत्तर देऊन पाहा. "माग जिथं चालतात तिकडं घ्या," असे म्हणा. तो तुम्हाला शहराच्या पूर्व भागात नेईल.

आपण खेड्यापाड्यातली माणसे सोलापूरला येतो ती काही चादरीसाठी नाही. कोणी दवाखान्यासाठी येतो, कोणी कचेरीच्या कामासाठी. कोणी तुळजापूरला, अक्कलकोटला किंवा पंढरपूरला जाताना वाटेत उतरतो. मधे दोन-चार तास रिकामे मिळतात. ते स्टँडवर बसून काढण्यापेक्षा माग पाहण्यात घालवावेत, एवढेच आज सांगायचे आहे. गुरुजी मंडळींना तर हे अधिकच आग्रहाने सांगेन. सहलीला मुलांना भुईकोट किल्ला दाखवता, सिद्धरामेश्वरांचे देऊळ आणि तळे दाखवता, तसा एक मागही दाखवा.

आता कोणी विचारील, कापड घ्यायचे तर माग कशाला बघायचा? भाकरी खायची म्हणून कोणी पेरणी बघायला जात नाही. बरोबर आहे. पण पेरणी आपल्याला ठाऊक असते, म्हणून तर बाजारात कोणी आपल्याला बनावट बियाणे गळ्यात मारू लागला तर आपण दोनदा विचार करतो. कापडाच्या बाबतीत आपण तसे शहाणे उरलेलो नाही. मी स्वतः एकदा परगावच्या एका प्रदर्शनात 'अस्सल सोलापुरी' अशी पाटी पाहून चादर घेतली होती. दोन धुण्यांत रंग गेला आणि चौथ्या धुण्यात मधोमध विरली. ती सोलापूरची नव्हतीच. दुसरीकडे विणलेला हलका माल सोलापूरच्या नावाने विकला जातो, ही इथल्या विणकरांची जुनी तक्रार आहे. त्यात गिऱ्हाईक फसते ते एकदाच. पण ज्याचे नाव वापरले जाते त्याचे रोज नुकसान होते.

हे थांबवण्यासाठी कायदा आहे. भौगोलिक निर्देशनांचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३च्या सप्टेंबरपासून लागू झाला. एखाद्या गावाच्या मातीमुळे, हवेमुळे किंवा तिथल्या कारागिरीमुळे ज्या मालाला नाव मिळाले, ते नाव त्याच गावच्या मालाला लावता यावे, असा त्याचा अर्थ. दार्जिलिंगचा चहा हा त्यातला पहिला. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टॉवेल यांची नोंद २००५च्या सुमारास, म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातच झाली. पण कायदा पुस्तकात असतो आणि गिऱ्हाईक बाजारात असते. गिऱ्हाइकाला पारख नसेल तर कायदा काय करणार?

तर पूर्व भागात चला. इथे पहिल्यांदा कानावर पडेल ती तेलुगू. दुकानांच्या पाट्यांवर मराठी, घरात तेलुगू, आणि शेजारच्याशी बोलताना दोन्हींची मिसळ. ही पद्मशाली समाजाची वस्ती. तेलंगणातून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, ही कुटुंबे पोटासाठी इकडे आली. विणकाम हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. इथे कापडाची पेठ होती आणि पुढे गिरण्याही निघाल्या. १८७७ साली सुरू झालेली सोलापूरची पहिली गिरणी लोकांच्या तोंडी 'जुनी मिल' झाली, कारण तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा नव्या आल्या. एके काळी गावाचे घड्याळ या गिरण्यांच्या भोंग्यांवर चालत असे. त्या सगळ्या बंद पडल्या. गिरण्या गेल्या, पण माग राहिले. नऊवारी लुगडी विणणारे हात चादरीकडे आणि टॉवेलकडे वळले, आणि हातमागाच्या जागी हळूहळू यंत्रमाग आला.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. सोलापुरी चादर म्हणजे हातमागाची चादर, असे पुष्कळजण धरून चालतात. तसे नाही. आज बहुतेक चादरी आणि टॉवेल यंत्रमागावर होतात. हातमाग उरले आहेत ते थोडे. त्यांवर भिंतीला लावायची चित्रे विणतात, काही साड्या आणि इतर कापड विणतात. म्हणून दुकानदार कोणतीही चादर दाखवून "हातमागाची आहे" म्हणाला, तर त्याला हातमागाचे चिन्ह असलेली पट्टी दाखवायला सांगा. हे सरकारी चिन्ह २००६पासून आहे. पट्टी नसेल तर चादर वाईट ठरत नाही. पण हातमाग म्हणून चढा भाव द्यायचे कारण नाही.

कारखान्यात शिरताना मालकाची किंवा मुकादमाची परवानगी घ्या. नाही म्हणाले तर रागावू नका, पुढच्या दारी विचारा. आत शिरलात की पहिला मार कानांवर बसतो. पंधरा-वीस माग एकदम चालत असतात आणि शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. मुले बरोबर असतील तर बाहेरच सगळे समजावून सांगा आणि मग आत न्या. आणखी एक, हे विसरू नका: बायकांनी पदर खोचून घ्यावा, मुलींनी वेण्या बांधून घ्याव्यात, उपरणे गळ्यात लोंबते ठेवू नये. पट्टा फिरत असतो आणि तो माणूस ओळखत नाही.

मागाकडे पाहताना खालून वर पाहा. लांबीत ताणून बसवलेले धागे तो ताणा. आडवा जातो तो बाणा. बाण्याच्या सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. प्रत्येक फेरीनंतर फणी पुढे येते आणि आडवा धागा दाबून बसवते. एवढे चार शब्द कळले की जगातला कोणताही माग तुम्हाला वाचता येईल, मग तो सोलापूरचा असो की काश्मीरचा.

आता मान वर करा. मागाच्या डोक्यावर एक सांगाडा दिसेल आणि त्यावरून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ रहाटाच्या गाडग्यांसारखी फिरताना दिसेल. हे जॅकार्ड. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली ही युक्ती बसवली. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि ताण्याचा तेवढाच धागा वर येतो. जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा जातो. पुढचा पुठ्ठा येतो, पुढची ओळ पडते. असे शेकडो पुठ्ठे एकामागून एक गेले की एक मोर पुरा होतो. विणकराला मोर काढायला नको, मोर पुठ्ठ्यात आधीच बसलेला असतो. तो बसवणारा निराळा कारागीर. तो चौकटीच्या कागदावर घरे भरून नक्षी काढतो आणि त्याबरहुकूम भोके पाडली जातात.

गुरुजी, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांत सारी नक्षी लिहिता येते, हे पाहूनच इंग्लंडात चार्ल्स बॅबेजला आकडेमोडीच्या यंत्राला असेच पुठ्ठे लावायची कल्पना सुचली. पुढे १८९०च्या अमेरिकेतल्या खानेसुमारीत माणसांची मोजदादही भोके पाडलेल्या कार्डांवर झाली. संगणकाच्या घराण्याचा मूळ पुरुष असा मागाच्या डोक्यावर बसलेला आहे. अलीकडे पुठ्ठ्यांच्या ऐवजी संगणकच मागाला हुकूम देऊ लागला आहे. नातवाने आजोबाची जागा घेतली म्हणायची.

सोलापुरी चादरीचे मर्म मात्र पुढेच आहे. ती एक कापड नसून दोन कापडे असतात, एकमेकांवर विणलेली. समजा एक थर पांढरा आणि दुसरा लाल. नक्षीच्या जागी हे थर आपसात जागा बदलतात. लाल वर येतो आणि पांढरा खाली जातो. म्हणून या बाजूला पांढऱ्यावर लाल मोर असेल, तर उलट्या बाजूला लालवर पांढरा मोर दिसतो. चादरीला उलट-सुलट नाही म्हणतात ते यामुळे. जाड चादरीत नक्षीच्या मधोमध चिमटीत धरून बोटे चोळा. दोन थर एकमेकांवर सरकताना कळतात. नक्षीच्या कडेला ते एकमेकांत अडकलेले असतात. नुसती वरून नक्षी छापलेली असेल, तर उलट बाजूला ती फिकट दिसेल किंवा दिसणारच नाही. ही पारख करायला दोन क्षण लागतात आणि कोणाला विचारावे लागत नाही.

टॉवेलाची तऱ्हा वेगळी. त्याला ताणे दोन असतात, एक ताठ आणि एक सैल. दोन-तीन धागे आडवे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते, आणि सैल ताणा वर उसळून त्याचे फासे उभे राहतात. पाणी पितात ते हे फासे. नवा टॉवेल पाणी पीत नाही म्हणून पुष्कळजण कुरकुरतात. त्यात खळ असते. एकदा धुऊन मगच त्याची परीक्षा घ्या.

पाहून झाले की आपल्याला वाटते, विणणाऱ्याकडूनच एक चादर घ्यावी, म्हणजे चार पैसे त्याला मिळतील. मनातली भावना चांगली आहे; पण इथे ती बहुधा जमत नाही. का, ते समजून घ्या. शेतकरी ज्वारी पिकवतो तेव्हा ज्वारी त्याची असते. यंत्रमागावरच्या कामगाराची चादर त्याची नसते. सूत मालकाचे, माग मालकाचा, माल मालकाचा. कामगार विकतो ते आपले कष्ट. मजुरी बहुतेक नगावर किंवा वारावर. म्हणजे तुम्ही त्याला उभे करून दहा प्रश्न विचारलेत आणि त्या वेळात माग थांबला, तर ते नुकसान त्याच्या आठवड्याच्या पगारात पडते. म्हणून प्रश्न मालकाला किंवा मुकादमाला विचारा, किंवा कामगाराच्या चहाच्या सुटीत विचारा, आणि तो चहा तुमचा असू द्या. शेजारच्या खोलीत त्याच घरातली बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसेल. सोलापुरातली कितीतरी घरे अशी चालतात: पुरुष मागावर आणि बाई विडीवर.

मग आपल्या खरेदीने काय होते? होते, पण आडवाटेने. नावाचा माल नावाने विकला गेला तर कारखाना चालतो. हलका माल त्याच नावाने निम्म्या भावात विकला गेला, तर मालकही हलके सूत घालतो, मजुरी दाबतो किंवा माग भंगारात काढतो. म्हणून बिल मागा. कारखान्याचे नाव आणि पत्ता असलेली पट्टी पाहा. सूत कितव्या नंबरचे, हेही विचारा. दुकानदार चपापला तरी विचारा.

सुताचा नंबर ही काही गूढ गोष्ट नाही. ८४० यार्डांची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. २० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० यार्ड, म्हणजे सुमारे साडेनऊ मैल. गुरुजींसाठी एक गणित देतो. समजा एक चादर दीड किलोची आहे आणि सगळे सूत १० नंबरचे आहे. दीड किलो म्हणजे ३.३ पौंड. एका पौंडात ८,४०० यार्ड. गुणाकार करा: २७,७२० यार्ड, म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या वर. सोलापूरहून तुळजापूरची निम्म्याहून अधिक वाट होईल एवढे सूत आपण रात्री अंगावर ओढून झोपतो. मुलांना हे गणित चुकत नाही, असा माझा अनुभव आहे.

सुती आहे की नाही, हे पाहायची घरगुती रीतही आहे. दशांतला एक सुटा धागा ओढून घ्या, थाळीत ठेवा आणि काडी लावा. सूत असेल तर कागदासारखे भुरूभुरू जळते, वास कागदाचा येतो आणि उरते ती मऊ राख. धागा आक्रसून वितळला आणि त्याचा कडक मणी झाला, तर तो पॉलिएस्टर. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि काडी दूर केली की ती आपोआप विझते. दुकानात हा प्रयोग करू नका. दुकानदार हाकलून देईल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. बोटाएवढा धागा मागून आणा आणि घरी जाळा.

जायचे कधी, हेही ठरवून जा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तिला इकडे गड्डा म्हणतात. उंच नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि सेवेकरी पांढरी बाराबंदी घालून चालतात. बाराबंदी म्हणजे बटणे नसलेला, बंदांनी बांधायचा अंगरखा. आपल्या आजोबा-पणजोबांचा हा नित्याचा वेष एरवी चित्रातच दिसतो. इथे हजारो अंगांवर तो एकदम पाहायला मिळतो. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयांचा रथ निघतो. पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना आपला मूळ पुरुष मानतो. त्या दिवशी माग बंद असणार हे धरून जा. रथ पाहायचा तर तो दिवस आणि माग पाहायचा तर दुसरा. ७ ऑगस्ट हा २०१५पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळतात. १९०५ साली त्याच तारखेला कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ पुकारली गेली होती. शाळेची सहल त्या सुमारास काढायला हरकत नाही.

इथवर सुताचे झाले. पण सोलापूर जिल्ह्याचा दुसरा धागा शहरात सापडत नाही. तो तुमच्या रानात चालत येतो.

मेंढरे शेतात बसवता ना? खतासाठी धनगराला चार रात्रींचे धान्य-पैसे ठरवून देता, पहाटे कळप उठून जातो आणि लेंड्यांचे खत मागे राहते. त्या मेंढरांच्या अंगावर जी काळी-करडी लोकर असते ती दख्खनी मेंढीची. जात काटक, उन्हाला आणि लांबच्या चालीला टिकणारी. सोलापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर या कमी पावसाच्या पट्ट्यात ती वाढली. लोकर राठ असते, स्वेटरच्या कामाची नाही. पण घोंगडीला राठच लोकर लागते. पाऊस तिच्यावरून निथळतो, आणि ओली झाली तरी तिची ऊब एकदम जात नाही. लोकरीला अंगचे तेल असते, त्याचा हा गुण.

वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. कळप ओढ्यावर नेऊन धुतात, मग पाय बांधून मोठ्या कातरीने लोकर उतरवतात. ती निवडायची, पिंजायची आणि सूत काढायचे, हे काम बहुतेक घरच्या बायांचे. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवले की चांगली चिकट खळ होते. ती दिल्याने केसाळ धागा बसतो आणि फणीत तुटत नाही. विणतात ते खड्ड्याच्या मागावर. विणकर जमिनीत पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो. विणणारे बहुतेक सणगर, काही ठिकाणी धनगरच. सांगोल्याकडे, मंगळवेढ्याकडे, माण तालुक्यातल्या म्हसवडकडे ही घरे आहेत. पण पुष्कळ घरी आता खड्डा बुजवून वर फरशी घातलेली दिसेल.

कारण साधे आहे. धनगराला पैसा मिळतो तो मांसाला आणि खताला. लोकरीला भावच नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही, असे ते सांगतात आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून पुढे जातात. यंत्रावरचे ब्लँकेट स्वस्त मिळते. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे देशभर जातात. मेंढीची पैदासही मांसाच्या बाजूने वळली आहे. जत तालुक्यातली उंच माडग्याळ मेंढी लोक आवडीने पाळतात. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरे देणारी 'सुवर्णा' मेंढी तयार केली. धनगराच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. त्याच्या घरात दोन पैसे आले. मात्र यात लोकरीचा विचार कोणीच केला नाही. राठ लोकर गेली की घोंगडी आपोआप जाईल. तिच्या मरणाला दुसरे कोणतेही कारण लागणार नाही.

तरीही एक दिवस असा असतो की लोकरीला सोन्याचा मान मिळतो. मंगळवेढे तालुक्यात कर्नाटकाच्या सीमेवर हुलजंती नावाचे गाव आहे. तिथे दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास महालिंगरायाची यात्रा भरते. मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांतले धनगर लोटतात. ठिकठिकाणच्या पालख्या ओढ्यात एकमेकींना भेटतात आणि त्या भेटीच्या क्षणी भंडारा, खोबरे आणि लोकर उधळतात. आकाश पिवळे होते आणि त्यात काळ्या लोकरीचे पुंजके तरंगतात. अमावास्येच्या रात्री शंकर-पार्वती येऊन महालिंगरायाला मुंडासे बांधतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कोल्हापूरकडे हातकणंगले तालुक्यात पट्टण कोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतही अशीच उधळण होते. जी लोकर बांधावर टाकून दिली जाते, तीच देवापुढे ओंजळीने वाहिली जाते. बघताना हे मनात ठेवा. आणि जाताना नवे पांढरे कपडे घालू नका; भंडाऱ्याचा डाग सहजी जात नाही.

घोंगडी घ्यायची तर पंढरपूरला देवळाच्या आसपास दुकाने आहेत. तिथेही हाताने पारख करा. खरी घोंगडी हाताला टोचते, अंगाला मेंढराचा वास असतो, रंग एकसारखा काळा नसून त्यात करडे-तपकिरी केस मिसळलेले दिसतात. गुळगुळीत, एकरंगी आणि फार हलकी असेल तर ती बहुधा गिरणीतल्या धाग्याची. शक्य असेल तर दुकानाऐवजी सणगराच्या घरी जा. इथे मात्र यंत्रमागासारखी गोष्ट नाही. लोकर त्याची, माग त्याचा आणि घोंगडी त्याची. तुमचे पैसे सरळ त्याच्या हातात पडतात. अमुक लांबीची हवी असे सांगून आगाऊ रक्कम दिलीत तर तो तुमच्यासाठी विणूनही देईल. फार घासाघीस करू नका. कातरणीपासून दशा वळण्यापर्यंत त्या घरातल्या किती जणांचे किती दिवस गेले, ते आधी विचारा आणि मग भाव बोला.

प्रवास लांबचा असेल तर वाटेवर आणखीही ठिकाणे लागतात. येवल्याला पैठणीचे माग घराघरांत आहेत आणि पैठणलाही ती विणतात. छत्रपती संभाजीनगरात हिमरूचे थोडे विणकर उरले आहेत. तिथे जाल तेव्हा ताणा, बाणा, धोटा आणि फणी हे चार शब्द बरोबर न्या. पैठणीचा पदर उलटा करून पाहा; खऱ्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि मागे लोंबते धागे नसतात.

घरी आणलेल्या मालाची निगाही सांगून ठेवतो. चादर पहिल्यांदा एकटीच भिजवा, मूठभर मीठ टाकलेल्या थंड पाण्यात, आणि सावलीत वाळवा. पाण्यात थोडासा रंग उतरला तर घाबरू नका. तिसऱ्या धुण्यालाही उतरत राहिला तर बिल घेऊन दुकानात जा. घोंगडी मात्र कधी ऊन पाण्यात घालू नका, ती आटते आणि पुठ्ठ्यासारखी होते. थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात बुडवून काढा आणि न पिळता दांडीवर टाका. पावसाळ्यानंतर चांगले ऊन दाखवून, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा, म्हणजे कसर लागणार नाही. कातरणीचा हंगाम आला की रानात बसलेल्या धनगराला विचारून ओंजळभर लोकर शाळेत आणा. पोरांना टकळीवर सूत काढायला लावा. पहिल्या दिवशी दर हातभराला तुटेल.